पॅनल बदललं तरी रेषा तशाच: एका रागावलेल्या कमेंटला उत्तर

तुमची कमेंट दोनदा वाचली. पहिल्यांदा वाचली तेव्हा जरा चिडलो, कारण "घरबसल्या इंजिनिअर" वगैरे लिहिलंय तुम्ही, दुसऱ्यांदा वाचल्यावर कळलं की बोलण्यात दम आहे आणि चूक माझी आहे. निदान अर्धी तरी. म्हणून दोन ओळींत न उरकता नीट लिहितो.

बाकीच्यांसाठी थोडक्यात प्रकरण असं की मी आधीच्या लेखात लिहिलं होतं, लॅपटॉपची स्क्रीन गंडली तर एचडीएमआयने बाहेरचा मॉनिटर लावून बघा, तिथे चित्र स्वच्छ आलं तर मदरबोर्ड (आतला मुख्य सर्किट बोर्ड) निर्दोष, पॅनल (चित्र दाखवणारा स्क्रीनचा भाग) गेलं समजा. या कमेंटवाल्यांनी तेच केलं, बाहेर चित्र झकास, म्हणून नवं पॅनल मागवलं, बसवलं, दोन दिवस मजेत चाललं आणि तिसऱ्या दिवशी त्याच आडव्या रेषा, तेच लुकलुकणं, मधेच काळोख. आता यांचं म्हणणं एक तर माझी टेस्ट फालतू आहे, आणि दुसरं म्हणजे सहा वर्षं वापरलेल्या लॅपटॉपवर खर्च करायला सांगणंच चूक, सरळ नवा घ्या म्हणायचं.

आधी टेस्टचं बघू. टेस्ट फालतू नाहीये हो, पण तिच्यावरून मी जे ठोकून दिलं ते अर्धवट होतं. बाहेर चित्र आलं म्हणजे चित्र तयार होतंय एवढंच कळतं, ते मदरबोर्डपासून पॅनलपर्यंत नीट पोचतंय का हे नाही, आणि मधे जी केबल असते ती मी लेखात एका वाक्यात गुंडाळली होती. अजून एक भोक आहे त्या टेस्टमध्ये जे तुम्हीही पकडलं नाहीत: ज्या लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स (चित्र तयार करणारे दोन भाग) असतात, गेमिंगवाले खास करून, त्यातल्या बऱ्याच मॉडेलांत एचडीएमआयचं पोर्ट थेट वेगळ्या ग्राफिक्स चिपला जोडलेलं असतं आणि लॅपटॉपची स्वतःची स्क्रीन प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवर चालते. म्हणजे एका विहिरीचं पाणी चाखायचं आणि दुसरीचं गोड आहे म्हणून सांगायचं. हे मी लिहायला हवं होतं. लेखात दुरुस्ती टाकतोय.

पण तुमच्या केसमधलं उत्तर तुमच्याच कमेंटमध्ये आहे, "दोन दिवस छान चाललं" या चार शब्दांत. नवं पॅनल दोन दिवसांत त्याच जागी त्याच पद्धतीने बिघडणं अवघड आहे. पॅनल बदलताना तुम्ही (किंवा ज्याने बदललं त्याने) केबल काढली, हलवली, परत लावली, त्यात ती तुटकी तार तात्पुरती जागेवर बसली, आणि झाकण पाचपन्नास वेळा उघडलं-मिटलं तशी परत सुटली. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी झालंय हे. जुनं पॅनल फेकलं नसेल तर ठेवा, ते बहुतेक ठणठणीत आहे (हे वाचून अजून चिडाल, माहितीये).

ही केबल म्हणजे काय तर केसासारख्या बारीक तारांची जुडी, वरून काळी कापडी टेप, आणि ती बिजागरीला वळसा घालून खालून वर जाते. झाकण हलवलं की प्रत्येक वेळी ती तिथेच वाकते. माझ्या आधीच्या लॅपटॉपचं हेच झालं होतं, काटकोनाच्या पुढे उघडला की स्क्रीन काळी आणि झाकण जरा आपल्याकडे ओढलं की सुरू, मी आळशी माणूस, पाच-सहा महिने मागे पुस्तकं लावून एकाच कोनात वापरला. शेवटी उघडला तेव्हा बिजागरीच्या वळणावर टेप घासून पांढुरकी झालेली आणि आत एक तांब्याचा तंतू चमकत होता, नुसत्या डोळ्याने दिसेना, मोबाईलचा कॅमेरा झूम केला तेव्हा दिसला. आणि हे फक्त स्वस्त लॅपटॉपात होतं असं नाही. २०१६ च्या १३ इंची मॅकबुक प्रोमध्ये याच जागच्या केबल झिजायच्या, स्क्रीनच्या खालच्या कडेला स्टेजवरच्या दिव्यांसारखे उजेडाचे ठिपके दिसायचे, मग ॲपलने मे २०१९ मध्ये त्यासाठी फुकट दुरुस्तीचा कार्यक्रमच काढला. २०१८ च्या मॉडेलात केबल जेमतेम २ मिलिमीटरने लांब केली होती. दोन मिलिमीटर!

तर आता पैसे घालण्याआधी हे करा, आणि या वेळी माझ्यावर विश्वास ठेवू नका, स्वतः बघा. राखाडी रंगाचा एक प्लेन फोटो फुल स्क्रीन लावा, ब्राइटनेस पूर्ण, आणि झाकण अगदी सावकाश मिटत न्या, परत उघडत न्या. ठरावीक कोनात गडबड सुरू होत असेल तर केबल, किंवा तिचं एखाद्या टोकाचं कनेक्टर. झाकण हलवून काही फरक नाही पण स्क्रीनच्या खालच्या चौकटीवर बोटाने हलकं दाबलं की रेषा बदलतात, तर मात्र पॅनलच, तिथे काचेला चिकटवलेल्या पातळ फ्लेक्स पट्ट्या सुटायला लागतात आणि ते काम साध्या सोल्डरिंगने होत नाही. वरपासून खालपर्यंत एकच रंगीत उभी रेघ, रिस्टार्ट करा काही करा तिथेच, बायोसच्या (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगच्या) स्क्रीनवरसुद्धा तिथेच, तर तेही पॅनलच समजा. डेलचा लॅपटॉप असेल तर अजून सोपं, डी दाबून धरायचं आणि पॉवरचं बटण दाबायचं, विंडोज सुरू न होताच अख्खी स्क्रीन पांढरी, काळी, लाल, हिरवी, निळी होत जाते, रेघ असेल तर लपायला जागाच नाही.

ड्रायव्हरचा (ग्राफिक्स चिप चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा) संशय असेल तर स्क्रीनशॉट काढून मोबाईलवर पाठवा. रेषा तिथेही दिसल्या तर ग्राफिक्स किंवा ड्रायव्हर, नाही दिसल्या तर गडबड पुढे कुठेतरी. फक्त लुकलुकत असेल आणि इंटेलचं ग्राफिक्स असेल तर पॅनल सेल्फ रिफ्रेश नावाची सेटिंग बंद करून बघा, बॅटरी वाचवायला असते ती आणि कधी कधी नसती भानगड करते. आणि स्क्रीन पूर्ण काळी असेल तर अंधारात टॉर्च तिरका मारा, पुसट चित्र दिसलं म्हणजे फक्त बॅकलाईट (पॅनलला मागून उजेड देणारा दिवा) गेलीये. हो, आणि हसू नका, पण एका ओळखीच्यांच्या लॅपटॉपची स्क्रीन ते बसले की बंद व्हायची, त्यांच्या घड्याळाच्या पट्ट्याला लोहचुंबकाचं कुलूप होतं आणि झाकण मिटलंय की नाही हे ओळखणारा सेन्सर त्याला फसायचा.

आता तुमचा दुसरा मुद्दा, जुन्यावर खर्च नको. इथे मी तुमच्याशी सहमत नाही. वर्षं मोजून निर्णय घेता येत नाही, काय गेलंय हे कळल्यावर घेता येतो. केबल ही या सगळ्यातली स्वस्त वस्तू, पॅनल मधलं, आणि मदरबोर्डवरची ग्राफिक्स चिपच गेली असेल तर मीसुद्धा म्हणेन राहू द्या. टच असेल, काच पॅनलला चिकटवलेली असेल किंवा ओलेड (प्रत्येक ठिपका स्वतः उजळणारी महागडी स्क्रीन) असेल तर हिशोब एकदम बिघडतो, तिथे अख्खं झाकणच बदलावं लागू शकतं. पण तुम्हीच लिहिलंय की बॅटरी मागच्या वर्षी नवी टाकली, एसएसडी (वेगवान स्टोरेज) आहे, विंडोज ११ चालतंय. ही शेवटची गोष्ट छोटी नाहीये, कारण १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला आणि ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि साधारण इंटेलच्या आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो, जो तुमच्याकडे आहे. तो लॅपटॉप एका केबलपायी काढून टाकायचा? मला नाही पटत. "दुरुस्ती निम्म्या किमतीच्या वर गेली तर नवा घ्या" हा जो नियम सगळे सांगतात त्यात हा लॅपटॉप अजून किती वर्षं काढेल हा आकडाच नसतो.

कोणीतरी खाली लिहिलंय की झाकणच काढून टाका आणि मॉनिटर लावून डेस्कटॉपसारखा वापरा. चांगली आयडिया, फक्त वायफायचे अँटेना बहुतेक लॅपटॉपांत झाकणातच असतात, ते कापून टाकाल आणि मग राउटरला शिव्या घालाल.

केबल मागवताना लॅपटॉपचं मॉडेल नाही तर जुन्या केबलवरचा पार्ट नंबर बघा, ३० पिनी आणि ४० पिनी असे दोन प्रकार असतात आणि एकाच मॉडेलात दोन्ही येतात, साधारण जास्त रिफ्रेश रेट (सेकंदाला किती वेळा चित्र बदलतं तो आकडा) किंवा टच असेल तर ४०. उघडल्यावर सगळ्यात आधी बॅटरीचं कनेक्टर काढा, नुसता लॅपटॉप बंद करून भागत नाही, बॅकलाईटचा करंट त्याच केबलमधून जातो, पिना जरा तिरक्या टेकल्या की मदरबोर्डवरचा फ्यूज उडतो आणि मग स्क्रीन काळी ती काळीच. पॅनलच्या बाजूला कनेक्टरवर पारदर्शक टेप असते, ती फाडू नका, परत लावायचीये, आणि केबल वर न उचलता पॅनलच्या पातळीतच हळूच मागे सरकवा.

अजून एक. झाकण उघडताना जड जातं का, कोपऱ्यात प्लास्टिकला चीर गेलीये का, हे आत्ताच बघा. बिजागरी आखडलेली असेल तर नवी केबलसुद्धा ती अशीच खाऊन टाकेल, तेव्हा आधी तिचा ताण धरणारा स्क्रू किंवा नट थोडा सैल करा. केबल बसली की पुढची चौकट न लावताच लॅपटॉप चालू करून झाकण चाळीसेक वेळा उघडा-मिटा, मगच चौकट दाबून बसवा. मी आनंदाच्या भरात लगेच दाबून बसवली होती, तीन वेळा काढावी लागली, आणि तिचे दोन खटके अजून तुटलेलेच आहेत.