घर मिळालं, पण कामाला जायचं कसं?

मागच्या पावसाळ्यात आमच्या सोसायटीत जुन्या साड्या, चादरी, मुलांचे स्वेटर असं बरंच सामान जमलं. मुंबईच्या पूर्व उपनगरातल्या एका पुनर्वसन वसाहतीत ते द्यायला आम्ही चौघी गेलो. एकमेकींना खेटून उभ्या इमारती, जिन्यात भरदिवसा अंधार. चौथ्या मजल्यावरच्या एका बाईने गाठोडं घेऊन बाजूला ठेवलं, आम्हाला पाणी दिलं आणि विचारलं, "ताई, सकाळी साडेपाचला स्टेशनला बस सुरू करायला कोणाला भेटायचं असतं?"

ती चार घरी धुणीभांडी करायची. झोपडी तुटली, इथे खोली मिळाली आणि वेळेत पोचता येईना म्हणून तीन कामं सुटली. उरलेल्या एका घरचा निम्मा पगार रिक्षात जात होता. ती रडली नाही, तक्रारही केली नाही. फक्त बसचं विचारत होती. गाठोडं आम्ही निघेपर्यंत तसंच बांधलेलं होतं.

तेव्हापासून कुठेही माणसं उचलून नव्या वस्तीत नेल्याची बातमी वाचली की मी आधी एवढंच बघते, तिथून बाहेर पडून चार पैसे कमवायची सोय आहे का?

बांगलादेशातल्या भासन चर बेटाचंच घ्या. 2017 च्या ऑगस्टनंतर म्यानमारमधून सात लाखांवर रोहिंग्या मुसलमान निर्वासित होऊन बांगलादेशात आले. कॉक्स बाजारच्या छावण्यांमध्ये पाय ठेवायला जागा उरली नाही, म्हणून सरकारने बंगालच्या उपसागरातल्या गाळाच्या या बेटावर एक लाख माणसांसाठी वसाहत उभारली. पक्क्या खोल्या, वादळात आसऱ्याला मजबूत इमारती, भोवती बांध. डिसेंबर 2020 मध्ये पहिली तुकडी तिथे गेली. संयुक्त राष्ट्रसंघ सुरुवातीला लांब राहिला, ऑक्टोबर 2021 मध्ये करार करून मदतीला आला. फोटोत सगळं नीटनेटकं दिसतं. पण मनात आलं म्हणून कोणी बेटाबाहेर जाऊ शकत नाही. लोक रात्री मासेमारीच्या होड्यांतून पळून जायला लागले आणि ऑगस्ट 2021 मध्ये अशी एक होडी बुडून माणसं गेली, त्यात मुलंही होती. छपराखालून माणूस जिवावर उदार होऊन पळतो, तेव्हा त्याला छपराशिवाय आणखी काहीतरी हवं होतं, हे मदत करणाऱ्यांच्या लक्षात यायला नको का?

आणि नुसत्या शिध्यावर जगायचं म्हणजे काय, हे 2023 मध्ये कॉक्स बाजारला दिसलं. निधी आटला आणि जागतिक अन्न कार्यक्रमाने माणशी महिन्याचा शिधा 12 डॉलरवरून आधी 10 आणि मग 8 डॉलरवर आणला. ज्यांना रीतसर काम करायची मुभाच नाही, त्यांनी खड्डा भरायचा कुठून?

आपल्याकडे हे सगळं एकदा होऊन गेलंय. फाळणीनंतर सुमारे एक लाख सिंधी निर्वासित कल्याणजवळच्या लष्करी छावणीत आले. महायुद्धात सैनिकांसाठी बांधलेल्या बराकी होत्या त्या. ऑगस्ट 1949 मध्ये त्या जागेचं उल्हासनगर झालं, तरी लोक आजही पत्ता 'कॅम्प नंबर चार' असाच सांगतात.

चेंबूरला आमच्या शेजारी राहणाऱ्या दादी त्या बराकीत वाढल्या. एका बराकीत कितीतरी कुटुंबं, मधे गोणपाटाचे पडदे. पलीकडचं बाळ खोकलं की अलीकडच्या सगळ्यांना जाग. दादी पापड लाटता लाटता हे सांगायच्या, लाटणं थांबायचं नाही. शिधा मिळायचा, त्याबद्दल त्यांनी कधी फार सांगितलं नाही. सांगायच्या ते लोकलचं. वडील पहाटे गोळ्या-बिस्किटांची पेटी घेऊन कल्याणहून गाडीत चढायचे आणि रात्री रिकामी पेटी घेऊन यायचे. ती रिकामी पेटी जमिनीवर ठेवल्याचा आवाज त्यांना म्हातारपणीही आठवायचा.

हे लोक या देशाचे नागरिक होते, रोहिंग्या बांगलादेशात परके आहेत, हा फरक फार मोठा आहे आणि मी तो झाकत नाही. पण म्हणूनच म्हणते, उल्हासनगर बराकींनी उभं राहिलं नाही. ते उभं राहिलं माणसांना गाडीत चढायला कोणी अडवलं नाही म्हणून.

आणि आपल्याच नागरिकांशी आपण आज कसं वागतो? मुंबईत तानसा जलवाहिनीलगतच्या कुटुंबांना माहुलला रिफायनरीच्या दारात नेऊन ठेवलं. शेवटी 2019 मध्ये उच्च न्यायालयाला सांगावं लागलं, की तिथे राहायची सक्ती करता येणार नाही, दुसरीकडे राहायला महिना 15,000 रुपये भाडं द्या.

साड्या देऊ नका असं मी म्हणत नाही. पण गाठोडं बांधायच्या आधी त्या लोकांना विचारा. कोणाला शाळेचा दाखला बदलून हवा असेल, कोणाला रेशनकार्डावर नवा पत्ता, कोणाला तीन महिन्यांचा पास. विचारायला वेळ लागतो आणि त्याचे फोटो निघत नाहीत.

त्या वसाहतीतल्या बायकांनी बससाठी अर्ज लिहिलाय, आतापर्यंत दोनशे बारा सह्या झाल्यात. सोमवारी अकरा वाजता डेपोत द्यायला जातोय. कोणाला यायचं असेल तर मेसेज करा, सोबत जाऊ.