घासूनपुसून आलेले चेहरे आणि गळलेली नावं

‘एल. ए. नोआर’ हा 2011 चा गेम 14 नोव्हेंबर 2017 ला रीमास्टर होऊन, म्हणजे चित्र आणि प्रकाश सुधारून, पुन्हा बाजारात आला. त्यावर समीक्षकांनी जे लिहिलं, त्यातलं बहुतेक मला पटतं. एक गोष्ट मात्र पटत नाही, आणि सिडनीत राहत असल्यामुळे ती मला जरा जास्तच खुपते. गेम लॉस एंजेलिसबद्दलचा असला तरी तो घडला इथे, सिडनीत, टीम बॉन्डी नावाच्या स्टुडिओत. तो स्टुडिओ आतून कसा चालला, तिथे माणसं किती तास राबली आणि तो शेवटी का कोसळला, हे 2011 मध्येच जगजाहीर झालं होतं. तरी सहा वर्षांनी आलेल्या परीक्षणांपैकी मी जी वाचली, त्यांत याला फार तर एखादं वाक्य मिळालं होतं. बऱ्याच ठिकाणी तेही नव्हतं.

हा जुना विषय आता काढायला कारण आहे. सप्टेंबर 2025 मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने दुकानं आणि खासगी आस्थापनांमध्ये कामाचे रोजचे तास 9 वरून 10 आणि कारखान्यांत 9 वरून 12 पर्यंत नेण्याच्या बदलांना मंजुरी दिली. तेव्हापासून आमच्या घरच्या ग्रुपवर वाद पेटलेला आहे. नारायण मूर्तींनी ऑक्टोबर 2023 मध्ये आठवड्याला 70 तासांची भाषा केली होती. जानेवारी 2025 मध्ये एल अँड टीच्या अध्यक्षांची 90 तासांची भाषा बाहेर आली. आमचे काका दोन्हींच्या बाजूने आहेत. त्यांचं म्हणणं असं, की मोठं काही उभं करायचं तर घड्याळ बघून चालत नाही. वहिनी त्यांच्या विरुद्ध. तिचं म्हणणं, परदेशात बघा, पाच वाजता लोक घरी जातात आणि तरी देश पुढे आहेत. दोघंही मला साक्षीला बोलावतात. मला दोघांनाही एकच उदाहरण द्यावंसं वाटतं, ते या गेमचं.

ज्यांनी तो खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. काळ 1947 चा. कोल फेल्प्स हा युद्धावरून परतलेला सैनिक पोलिसांत येतो आणि गस्त, वाहतूक, खून, अनैतिक धंदे, जाळपोळ अशा विभागांतून पुढे सरकतो. गोळीबार आणि पाठलाग आहेतच, पण गेमचा जीव आहे तो तपासात. घटनास्थळी वस्तू उचलून, फिरवून पाहायच्या, मग माणसांसमोर बसून त्यांच्या चेहऱ्यावरून ठरवायचं की हा खरं बोलतोय, काहीतरी दडवतोय की धडधडीत खोटं सांगतोय.

वाहतूक विभागातली पहिलीच केस घ्या. रक्ताने माखलेली बेवारस गाडी सापडते. जवळ चष्मा, पाकीट, आणि गाडीत जिवंत डुकराच्या खरेदीची पावती. गाडीमालकाची बायको मार्गारेट ब्लॅक समोर बसते आणि नवऱ्याबद्दल बोलते. तिचे डोळे क्षणभर खाली जातात, ओठ आवळले जातात, मान किंचित वळते. हे कोणी संगणकावर हाताने काढलेलं नाही. खऱ्या नटांना 32 कॅमेऱ्यांच्या मध्ये बसवून त्यांचे चेहरे टिपले होते. भूमिका शेकड्यांनी, आणि संहिता दोन हजारांहून जास्त पानांची. 2011 साली असं काही कोणी पाहिलं नव्हतं. ट्रायबेका चित्रपट महोत्सवाने निवडलेला हा पहिला व्हिडिओ गेम, आणि समीक्षकांचे गुण एकत्र करणाऱ्या मेटाक्रिटिक या संकेतस्थळावर पीएस3 आणि एक्सबॉक्स 360 या दोन्ही कन्सोलसाठी त्याची सरासरी 100 पैकी 89 होती. ती त्याने कमावलेली होती, असं मी आजही म्हणेन.

2017 चं काम मुख्यतः व्हर्चुओस या कंपनीने केलं. पीएस4 आणि एक्सबॉक्स वनवर प्रकाशयोजना सुधारली, ढग आणि हवामान बदललं, पोत स्पष्ट झाले, कॅमेऱ्याचे नवे कोन आले. निन्टेन्डो स्विचवर पडद्याला बोट लावून पुरावे फिरवता येऊ लागले. आधी वेगळ्या विकल्या गेलेल्या जादा केसेसही आत आल्या. समीक्षकांचा सूर साधारण सारखाच होता: चेहरे अजूनही थक्क करतात, वातावरण अप्रतिम आहे, पण गाडी चालवणं आणि गोळीबार जुनाट वाटतात, आणि एवढं मोठं शहर उभं करून त्यात करण्यासारखं फार काही नाही. स्विचवर मागितलेली 50 डॉलरची किंमत अनेकांना जास्त वाटली. हा निवाडा योग्यच होता. डोकी वेगळी टिपलेली आणि शरीरं वेगळी, त्यामुळे मानेच्या वर माणूस आणि खाली पुतळा असं काही प्रसंगी वाटतं. चित्र जितकं स्वच्छ झालं तितका तो सांधा जास्त उघडा पडला, हे निरीक्षण तर अगदी नेमकं होतं.

एका बदलावर समीक्षकांनी बरंच लिहिलं आणि ते लिहायलाच हवं होतं. मूळ गेममध्ये उलटतपासणीत तीन पर्याय होते: खरं, शंका, खोटं. आपण ‘शंका’ निवडावी, मनात असावं की बाईंना हळुवारपणे आणखी विचारू, आणि फेल्प्सने एकदम टेबलावर झुकून तिच्यावर ओरडावं! साध्या साक्षीदारावर तो जे आरोप करायचा, ते ऐकून खेळणारा दचकायचा. याचं कारण निर्मितीत होतं. संवाद लिहून टिपले गेले तेव्हा हे पर्याय चुचकारणे, दरडावणे आणि आरोप करणे अशा अर्थाचे होते. बटणावरचे शब्द नंतर बदलले, नटाचा आवाज तसाच राहिला. रीमास्टरमध्ये पर्यायांची नावं पुन्हा बदलली: भला पोलीस, खमका पोलीस, आरोप. आता निदान बटण दाबण्याआधी कळतं की फेल्प्स काय करणार आहे. तरीही नुसता चेहरा वाचून नेमकं उत्तर सापडेल याची खात्री नाहीच, कारण आरोप करायला पुरावा लागतो, आणि कुठला पुरावा चालेल हे कधीकधी अंदाजानेच ठरवावं लागतं.

मी या बदलावर रेंगाळलो, कारण मला त्यात गेमच्या आतली घाई आणि गोंधळ दिसतो. सात वर्षं लागलेल्या कामात गेमची मुख्य पद्धत आणि तिचे संवाद एकमेकांशी जुळू नयेत, असं का होतं? माझ्या मते याचं उत्तर पडद्यावर सापडत नाही, ते स्टुडिओच्या इमारतीत सापडतं.

2011 च्या मध्यावर आयजीएन या गेमविषयक संकेतस्थळाने टीम बॉन्डीच्या 11 माजी कर्मचाऱ्यांशी बोलून लेख छापला. रोजचे दहा-बारा तास, वर शनिवार-रविवारची हजेरी, आणि ‘आता शेवटचा टप्पा’ असं सांगत वर्षानुवर्षं पुढे ढकललेला शेवट. या धंद्यात याला क्रंच म्हणतात. कॉलेजातून नुकती बाहेर पडलेली मुलं भरती व्हायची, थकायची, सोडून जायची. जाणाऱ्याबरोबर त्याला ठाऊक असलेलं कामही जायचं आणि नवा माणूस पुन्हा पहिल्यापासून. दिग्दर्शक ब्रेंडन मॅकनमारा यांनी आपली बाजू त्याच लेखात मांडली. नऊ ते पाचची नोकरी हवी असेल तर हा धंदा नव्हे, असा तिचा आशय होता. काकांचंच वाक्य, फक्त इंग्रजीत.

मग श्रेयनामावलीचं प्रकरण बाहेर आलं. गेमवर खपलेल्या शंभराहून जास्त लोकांची नावं शेवटच्या यादीत एक तर नव्हती किंवा चुकीची होती. कारण उघड होतं: शेवटपर्यंत टिकला त्याचं नाव, मध्येच गेला त्याचं नाही. त्या लोकांनी आपली खरी यादी स्वतःच इंटरनेटवर लावली. गेम डेव्हलपरांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने चौकशी करू असं सांगितलं. ऑगस्ट 2011 मध्ये स्टुडिओ दिवाळखोरीच्या प्रक्रियेतल्या प्रशासकांच्या हाती गेला आणि ते वर्ष संपायच्या आत गुंडाळला गेला. ज्यांचे पैसे थकले होते त्यांच्या यादीत तिथलेच कर्मचारी होते. गेम मात्र पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपर्यंत सुमारे 50 लाख प्रती विकला गेला.

काकांना माझं सांगणं हे, की या गेममध्ये जे थोर आहे ते जादा तासांतून आलेलं नाही. ते आलं नव्या तंत्रातून, चांगल्या नटांतून, 1947 च्या शहराच्या अभ्यासातून. जादा तासांनी काय दिलं? माणसं गळाली, काम लांबलं, बटण आणि आवाज यांची फारकत झाली, आणि एवढं यश मिळवून दुसरा गेम काढायला स्टुडिओच उरला नाही. जी टीम इतकं अवघड तंत्र शिकली होती, ती पांगली. मोठं काही उभं करायचं तर ते उभं राहिल्यावर सांभाळणारी माणसंही उरायला हवीत ना?

आणि वहिनी, परदेशात असं होत नाही हेही खरं नाही. हे सगळं सिडनीत झालं, जिथे आठवड्याला 38 तासांची मर्यादा कायद्यात आहे. राष्ट्रीय पातळीवर ही तरतूद 1 जानेवारी 2010 पासून लागू आहे, म्हणजे गेमच्या शेवटच्या, सगळ्यात रगडून घेतलेल्या काळात ती होतीच. पण त्याच कलमात ‘वाजवी जादा तास’ मागता येतात असंही म्हटलं आहे. वाजवी किती, हे बावीस वर्षांच्या, पहिल्या नोकरीतल्या पोराने मालकाला विचारायचं, आणि तेही ज्या गेमवर आपलं नाव यावं असं स्वप्न आहे त्या गेमवर काम करताना. तो विचारत नाही. मी ज्या कंपनीत पूर्वी होतो तिथेही कोणी विचारत नव्हतं. आमचा व्यवस्थापक संध्याकाळी उशिरा फोन करायचा आणि आम्ही सगळे उचलायचो, त्यातले निम्मे भारतीय, व्हिसाची चिंता असलेले. ऑगस्ट 2024 पासून इथे कामाच्या वेळेनंतर, नकार अवाजवी ठरत नसेल तर, फोन न उचलण्याचा हक्क कायद्याने मिळाला. तो मला मोलाचा वाटतो. पण तो टीम बॉन्डीनंतर तेरा वर्षांनी आला, आणि लोक उघडपणे बोलत राहिले म्हणून आला.

आपल्याकडेही हे बोलणं सुरू आहे, हे इथल्या मराठी मंडळींना अनेकदा माहीत नसतं. फोन न उचलण्याच्या हक्काचं खासगी विधेयक बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी लोकसभेत 2018 मध्ये मांडलं आणि डिसेंबर 2025 मध्ये पुन्हा मांडलं. आयटी कर्मचाऱ्यांची नाइट्स ही संघटना पुण्यातून काम करते. 2024 मध्ये पुण्यातल्या एका मोठ्या कंपनीत नोकरीला लागून काही महिनेच झालेली 26 वर्षांची मुलगी वारली, आणि कामाच्या ताणाला दोष देणाऱ्या तिच्या आईच्या पत्राने देश हलला. त्या पत्रानंतरच्या वर्षी आपण तास वाढवायला निघालो, हे मला सहन होत नाही.

पुण्याचं नाव निघालंच आहे तर गेमच्या बाबतीतलंही सांगतो. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम’ची नवी आवृत्ती युबिसॉफ्ट या गेम कंपनीच्या पुणे आणि मुंबई स्टुडिओंकडे होती. सप्टेंबर 2020 मध्ये झलक दाखवली आणि जगभरातून चित्रांवर टीका झाली. टीका रास्त होती, चेहरे खरंच निर्जीव दिसत होते. पण तिथून गाडी लगेच ‘भारतीयांना जमत नाही’वर घसरली, आणि आपल्याच लोकांनी ती सगळ्यात जोरात ढकलली. तारीख दोनदा पुढे गेली, मे 2022 मध्ये काम मॉन्ट्रियलला हलवलं, आणि जानेवारी 2026 मध्ये प्रकल्पच रद्द झाला. मॉन्ट्रियललाही जमलं नाही तेव्हा कोणी कॅनडाच्या लोकांच्या लायकीवर बोललं नाही. त्या टीमला किती वेळ, किती माणसं, किती पैसा मिळाला होता, हा प्रश्न पुण्याच्या वेळीही पहिलाच विचारायला हवा होता.

समीक्षकांकडून माझी अपेक्षा यातूनच येते. रीमास्टर म्हणजे जुनं काम पुन्हा विकायला काढणं. पहिल्या वेळी समीक्षकाला पडद्यामागचं माहीत नसतं, मे 2011 मध्ये 89 देणाऱ्यांना माझा दोष नाही. दुसऱ्या वेळी सगळं माहीत असतं. तेव्हा प्रकाश सुधारला का हे जसं तपासायचं, तसंच नावांची यादी सुधारली का हेही तपासायचं. एका परिच्छेदाचं काम आहे. गुण कापा असं मी म्हणत नाही. ज्या शेकडो लोकांनी तो चेहरा घडवला त्यांच्यावर त्यांच्याच मालकाची शिक्षा कशाला? फक्त नोंद करा. मॅकनमारा यांची पुढची सिडनीची कंपनी 2025 मध्ये ‘एल. ए. नोआर’ची प्रकाशक कंपनी रॉकस्टारने विकत घेतली, आता ती रॉकस्टार ऑस्ट्रेलिया आहे. तिथून पुढे जे येईल त्याच्या परीक्षणात तिथल्या कामाच्या तासांबद्दल एक प्रश्न असावा, एवढं मागणं जास्त नाही.

माझा भाचा पुण्यात गेम टेस्टिंगची नोकरी धरायच्या बेतात आहे. मामा, घेऊ का, म्हणून त्याने विचारलं. घे म्हणालो, काम सुंदर आहे. पण सही करण्याआधी जादा तासांचे पैसे कसे मिळणार हे लिहून माग, आणि मध्येच सोडलं तरी श्रेयनामावलीत नाव राहील का, हेही लिहून माग. दुसरा प्रश्न तिथल्या एचआरला आजवर कोणी विचारलेला नव्हता, असं त्याने नंतर कळवलं. उत्तर अजून यायचं आहे.