एका पॉइंटने हुकायचं कसं?

तर मंडळी, तुम्हाला रेसिंग ड्रायव्हर व्हायचंय, जगात नाव पण हवंय, पण वर्ल्ड चॅम्पियन मात्र चुकूनसुद्धा व्हायचं नाहीये ना? मग गुरू एकच, स्टर्लिंग मॉस. लंडनचा माणूस, जन्म १९२९. फॉर्म्युला वनच्या ६६ रेसपैकी १६ जिंकला, छोट्यामोठ्या सगळ्या धरल्या तर ५२९ पैकी २१२, आणि वर्ल्ड टायटल? भोपळा. १९५५ ते १९५८ सलग चार वर्षं दुसरा, मग बहुतेक दुसऱ्या नंबरचाही कंटाळा आला म्हणून पुढची तीन वर्षं तिसरा. हे असं आपोआप होत नाही हो, तपश्चर्या लागते.

घरचं वातावरण पहिल्यापासून पोषक होतं. वडील दातांचे डॉक्टर, पण स्वतः १९२४ ला थेट अमेरिकेत इंडियानापोलिसला जाऊन रेस मारून आलेले, आई पण गाड्यांच्या स्पर्धांत उतरायची, बहीण पॅट पुढे नावाजलेली रॅली ड्रायव्हर झाली. आणि अशा घरातल्या वडिलांची इच्छा काय, तर पोराने दातांचा डॉक्टर व्हावं! बाप इथूनतिथून सारखेच. पोराने ऐकलं नाही ते सोडा.

आता मुद्द्याचं. चॅम्पियन व्हायचं नसेल तर एखादा राग धरा आणि तो नीट जपा. १९५१ ला एन्झो फेरारीने मॉसला इटलीत बारीला बोलावलं, ये, तुझ्यासाठी गाडी ठेवलीय. हा एवढा प्रवास करून गेला, हौसेने गाडीत बसून बघतोय तर मेकॅनिक म्हणतो उतरा, ही गाडी तारुफीची. म्हणजे आग्रहाने जेवायला बोलवायचं आणि भरल्या ताटावरून उठवायचं. पोरगं २१ वर्षांचं. तुमच्याआमच्यासारख्याने चार शिव्या मनातल्या मनात घालून दुसऱ्या दिवशी "सर, पुढच्या वेळी नक्की" म्हटलं असतं, याने कानाला खडा लावला की या माणसाच्या टीमसाठी गाडी चालवायची नाही. त्यानंतरच्या दहा वर्षांत फेरारीच्या गाडीत बसून अस्कारी दोनदा चॅम्पियन झाला, फांजिओ झाला, हॉथॉर्न झाला, फिल हिल झाला. मोजा, पाच टायटलं. राग असा महाग पडला पाहिजे, नाहीतर तो राग कसला.

वर देशप्रेम. परदेशी गाडीत जिंकण्यापेक्षा ब्रिटिश गाडीत मानाने हरलेलं बरं, असं साहेबांचं मत. मासेराती चालवली, मर्सिडीजही चालवली म्हणा (मधे मधे सगळ्यांचीच तत्त्वं जरा दम खातात), आणि मर्सिडीजमध्ये १९५५ ला मिल्ले मिल्या ही इटलीतली रेस अशी काही मारली की विचारू नका. ब्रेशिया ते रोम आणि परत, सुमारे हजार मैल, साध्या रस्त्यांवरून, गावागावातून, बाजूला दाढीवाला पत्रकार डेनिस जेन्किन्सन, त्याच्या हातात पाचेक मीटर लांबीची कागदाची गुंडाळी, त्यात प्रत्येक वळण लिहिलेलं, आणि आवाज ऐकू येत नाही म्हणून हातवारे करून सांगतोय पुढे डावीकडे, पुढे उतार, घाल बिनधास्त. दहा तास सात मिनिटं. फांजिओ दुसरा आला अर्ध्या तासाने. पण यातला सगळ्यात महत्त्वाचा गुण लक्षात घ्या, ही रेस ड्रायव्हर्स चॅम्पियनशिपमध्ये धरलीच जात नव्हती. आयुष्यातली सगळ्यात भारी रेस जिथे पॉइंट मिळत नाहीत तिथेच मारायची!

नंतर मात्र तत्त्वं परत जागी झाली आणि मोठ्या कारखान्यांना सोडून रॉब वॉकर या व्हिस्कीवाल्या घराण्यातल्या माणसाच्या खाजगी टीममधून तो बऱ्याच रेस चालवायला लागला. खाजगी टीम म्हणजे थोरल्या भावाचे कपडे धाकट्याला, कंपनी स्वतःच्या ड्रायव्हरला नवीन गाडी देणार आणि तुम्हाला जुनं मॉडेल. १९६१ च्या मोनॅकोला अशीच जुनी लोटस गाडी, समोर जास्त ताकदीच्या इंजिनांच्या तीन फेरारी, आणि रेस सुरू व्हायच्या जरा आधी याला दिसलं की गाडीच्या सांगाड्याचा एक पाइप तडकलाय. मग भरलेल्या पेट्रोलच्या टाक्यांवर ओली फडकी टाकून तिथेच ग्रिडवर वेल्डिंग!! घरी करून बघू नका. शंभर लॅप्सची रेस, फेरारी मागे लागलेल्या आणि हा साडेतीन सेकंदांनी जिंकला. बरं त्याच्या आदल्या वर्षी पण मोनॅको यानेच जिंकलेलं, आणि तेव्हा इंग्लंडच्या कोर्टाने बेदरकारपणे गाडी चालवली म्हणून याचं साधं ड्रायव्हिंग लायसन्स वर्षभरासाठी काढून घेतलेलं होतं. म्हणजे बाजारात जाऊन भाजी आणायला बंदी, मोनॅको जिंकायला मोकळा.

पण हे सगळं तोंडीलावणं झालं, खरी शिकवणी १९५८ ची. तेव्हा पहिल्याला आठ पॉइंट, दुसऱ्याला सहा, आणि सगळ्यात वेगवान लॅपला एक. पोर्तुगालला, पोर्तोच्या रस्त्यांवर, मॉस पहिला आणि टायटलच्या शर्यतीतला प्रतिस्पर्धी माइक हॉथॉर्न दुसरा. शेवटाकडे हॉथॉर्नची गाडी फिरली, बंद पडली, चढावर ढकलून काही चालू होईना. तिथून जाता जाता मॉसनेच त्याला ओरडून सांगितलं की अरे उताराकडे ढकल. आपणच प्रतिस्पर्ध्याला धक्का मारायची आयडिया द्यायची, हा धडा पहिला. मग पंच म्हणाले हॉथॉर्नने गाडी उलट्या दिशेने ढकलली, बाद करा. तुम्ही काय केलं असतं? गप्प बसला असता, फार तर "मी काही बघितलं नाही बुवा" म्हणाला असता आणि हॉटेलवर जाऊन पार्टी. हा माणूस स्वतःहून पंचांकडे गेला आणि सांगितलं की गाडी ट्रॅकवर नव्हतीच, फूटपाथवर होती, त्यामुळे नियम मोडलेला नाही. हॉथॉर्नचे सात पॉइंट वाचले, सहा दुसऱ्या नंबरचे आणि एक वेगवान लॅपचा.

अजून एक गंमत. त्याच रेसमध्ये पिटवाल्यांनी मॉसला पाटी दाखवली, "हॉथ रेक" (इंग्रजीत REC), म्हणजे हॉथॉर्नने लॅपचं रेकॉर्ड केलंय, तू ते मोड. साहेबांनी वाचलं "हॉथ रेग" (REG), म्हणजे रेग्युलर, सगळं ठीक चाललंय, आणि निवांत चालवत राहिले. सातातला तो एक पॉइंट असा हॉथॉर्नच्या खिशात.

पुढे ऑक्टोबरात कासाब्लांकाला शेवटची रेस मॉसने जिंकली, वेगवान लॅपही मारली, म्हणजे जे हातात होतं ते सगळं केलं, आणि हिशोब लागला हॉथॉर्न ४२, मॉस ४१. वर्षभरात मॉसने रेस जिंकलेल्या चार, हॉथॉर्नने एक. पोर्तोला तोंड बंद ठेवलं असतं तर हॉथॉर्न ३९ वर अडकला असता (तेव्हा वर्षातले सगळ्यात चांगले सहाच निकाल धरायचे, म्हणून ३५ नाही), मी दोनदा बेरीज केलीय. नुसती पाटी नीट वाचली असती तरी झालं असतं. ब्रिटनचा पहिला वर्ल्ड चॅम्पियन म्हणून नाव लागलं हॉथॉर्नचं. आणि मॉसला आयुष्यभर लोक विचारत राहिले की पश्चात्ताप होतो का, आणि तो सांगत राहिला, नाही. हट्टी माणूस.

हॉथॉर्न तिथेच रिटायर झाला आणि तीन महिन्यांत रस्त्यावरच्या अपघातात गेला, वय २९. त्यावर विनोद करत नाही.

आता तुम्ही म्हणाल शेवटी तरी शहाणपण आलं असेल. आलं की! १९६२ ला फेरारीशी समेट झाला, गाडी फेरारी देणार, रंग वॉकरच्या टीमचा. ताट परत वाढलेलं. आणि त्या एप्रिलमध्ये इंग्लंडातल्या गुडवुडला एका साध्या, पॉइंट नसलेल्या रेसमध्ये लोटस थेट मातीच्या बांधावर. महिनाभर कोमा, डावं अंग सहा महिने लुळं. काय झालं ते त्याला कधीच आठवलं नाही. वर्षभराने त्याच ट्रॅकवर थोड्या लॅप्स मारून बघितल्या, आधी जे हातपाय आपोआप करायचे त्याचा आता विचार करावा लागतोय असं जाणवलं आणि ३३ व्या वर्षी सांगून टाकलं, थांबतो. नंतर म्हणायचा की जरा घाईच केली. थोडी कळ काढायची, दोन वर्षं दहावा-बारावा येत राहायचं, "अनुभव" म्हणून टीमने सांभाळलं असतं, पण सांगणार कोण.

तरी इंग्लंडात कुणी गाडी जोरात हाणली की पोलीस अडवून काय विचारायचा, तर "स्वतःला काय स्टर्लिंग मॉस समजतोस?" चॅम्पियन हॉथॉर्नचं नाव कुणी घेतलं नाही, बिचारा.

२००० साली सर झाला, ८० व्या वर्षी घरातल्या लिफ्टच्या खड्ड्यात तीन मजले खाली पडून दोन्ही घोटे मोडून घेतले, आणि पुढच्या वर्षी, म्हणजे ८१ व्या वर्षी, परत फ्रान्समध्ये ल मांला जुन्या गाड्यांच्या रेसच्या क्वालिफाइंगला हजर. दुपारी गाडीतून उतरला आणि जाहीर केलं की आज मला माझीच भीती वाटली, आता बास. अहो सर, निदान कंबर दुखतेय म्हणायचं.