बिल शहराला, हुकूम राज्याचा

महापालिकांच्या अधिकारांवर वाद सुरू झाला की आपल्याकडे हमखास ऐकू येतं, "अमेरिकेत बघा, पोलीस महापौरांच्या हाताखाली असतात." मी मिझुरी राज्यातल्या कॅन्सस सिटीत राहतो आणि इथं तसं नाही.

इथलं पोलीस खातं पाच जणांचं मंडळ चालवतं. चौघांना राज्यपाल नेमतो, पाचवा महापौर. (इथला राज्यपाल निवडून येतो, आपला मुख्यमंत्रीच समजा.) टॉम पेंडरगास्ट या राजकीय दादाच्या कंपूनं शहराचा कारभार पार सडवला होता, म्हणून 1939 मध्ये राज्यानं पोलीस ताब्यात घेतले. तो कंपू कधीच संपला, ताबा मात्र सुटला नाही.

खर्च शहराचाच. सर्वसाधारण महसुलाचा किमान पाचवा हिस्सा पोलिसांना द्यायचा, असा राज्याचा कायदा होता. त्यावरचे सुमारे सव्वाचार कोटी डॉलर कसे वापरायचे ते शहर ठरवेल, असं 2021 मध्ये महापौर क्विंटन लुकस आणि नगर परिषदेनं म्हटलं. मंडळ कोर्टात गेलं, शहर हरलं. मग राज्यानं किमान हिस्सा 25 टक्क्यांवर नेला. 2022 चं त्यावरचं राज्यव्यापी मतदान मिझुरीच्या सर्वोच्च न्यायालयानं रद्द केलं, कारण शहरावर पडणारा बोजा मतपत्रिकेवर नीट सांगितलाच नव्हता. ऑगस्ट 2024 मध्ये पुन्हा मतदान झालं. शहरानं बहुमतानं नाही म्हटलं, तरी राज्यभरच्या मतांवर ते निसटतं मंजूर झालं. मला हा उघड अन्याय वाटतो. माझ्या प्रत्येक पगारातून शहराचा एक टक्का कर कापला जातो. गल्लीतल्या खड्ड्यांबद्दल नगरसेवकाला धरता येतं. पोलिसांच्या पैशांबद्दल विचारलं की तो मंडळाकडे बोट दाखवतो.

मुंबईत पोलीस आयुक्त राज्य नेमतं आणि पोलिसांचे पगारही राज्याच्याच तिजोरीतून होतात. त्यात दोष पुष्कळ आहेत, पण जाब गृहमंत्र्यांना विचारायचा हे तरी पक्कं. संविधानाच्या बाराव्या अनुसूचीत शहरांसाठी 18 विषय आहेत, त्यात पोलीस नाहीत. ते यावेत असं मलाही वाटतं. पण 2017 मध्ये जकात गेल्यापासून मुंबई महापालिका राज्याच्या भरपाईकडे डोळे लावून असते. अशा पालिकेवर आधी पोलिसांचा खर्च टाकला आणि नेमणुका मंत्रालयातच ठेवल्या, तर मुंबईकरांच्या पदरी कॅन्सस सिटीच पडेल.

आणि मिळालेलं टिकेल याचीही तजवीज हवी. मिझुरीतल्याच सेंट लुईस शहराला 2013 मध्ये आपले पोलीस परत मिळाले होते. मार्च 2025 मध्ये राज्यानं ते पुन्हा काढून घेतले, आणि शहरानं किमान किती टक्के खर्च करायचा तेही ठरवून दिलं.