चालती ट्राम बंद पाडण्याची रीत

तुमच्या शहरात स्वस्तात मस्त चालणारी, गरिबालाही परवडणारी एखादी गाडी असेल तर धीर सोडू नका. उपाय आहे. मुंबईने तो ट्रामवर करून दाखवलाय, आणि मुंबईत जमलं ते कुठेही जमतं.

घाई मात्र नको. आधी ट्राम रुळू द्यावी. ९ मे १८७४ रोजी मुंबईत घोड्यांची ट्राम सुरू झाली. कुलाबा ते पायधुणी भाडं तीन आणे, तिकीट-बिकीट काही नाही. लोकांना ती इतकी आवडली की भाडं दोन आण्यांवर आलं, आणि फुकटे इतके वाढले की त्याच वर्षी तिकिटंही आली. (फुकट्यांवर संशोधन करणाऱ्यांनी इथून सुरुवात करावी.) १९०७ मध्ये घोडे जाऊन वीज आली, १९२० मध्ये दुमजली ट्राम. इथवर तुम्हाला काही करायचं नाही. फक्त बघत राहा.

मग सवत घरात आणा. ट्राम चालवणाऱ्या कंपनीनेच १५ जुलै १९२६ ला अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी बस सोडली, हे ध्यानात ठेवा. बस दिसायला नवी, गल्लीत वळणारी, शिवाय रूळ नकोत. तुलना आपोआप सुरू होते.

खरं कसब यापुढे. रूळ रस्त्याच्या मधोमध असतात, तेवढ्या पट्ट्यात मोटारींना मज्जाव करता येतो. तो अजिबात करू नका. मोटारी बिनधास्त रुळांवर येऊ द्या. एखादे शेठ रुळांवरच गाडी थांबवून पानवाल्याला हाक मारतील, मागे ट्रामचा ड्रायव्हर पायाने घंटा बडवत उभा राहील, त्याच्या मागे दुसरी ट्राम, तिच्या मागे तिसरी. ट्रामला बाजूने काढता येत नाही हा तिचा दोष, आणि मोटार हलत नाही हा मोटारवाल्याचा हक्क. आता शांतपणे कागद पुढे ओढा आणि लिहा: ‘ट्रामची गती अत्यंत मंद असून तिच्यामुळे वाहतुकीस अडथळा होतो.’ ट्राममध्ये माणसं किती आणि मोटारीत किती, ही मोजदाद त्या कागदावर कुठेही येता कामा नये. उतारू भर रस्त्यात उतरतात, ते धोक्याचं आहे, हे मात्र ठळक लिहा. त्यांच्यासाठी हातभर उंचीचा ओटा बांधता येतो, असं कोणी सुचवलंच तर त्याला समितीवर घ्या. पुन्हा आवाज येत नाही.

रूळ झिजले, डबे खिळखिळे झाले की दुरुस्ती लांबवा. खडखडाट वाढला की लोक स्वतःच म्हणतात, ‘आता हिचं वय झालं.’

शेवटचा दिवस थाटात करा. मुंबईने ३१ मार्च १९६४ निवडला, म्हणजे हिशेबाच्या वह्याही त्याच रात्री मिटतात. बोरीबंदरहून (आजचं छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस) दादरला जाणारी शेवटची ट्राम बघायला रस्त्याच्या दुतर्फा माणसं लोटली होती. अशा रात्री ट्रामचं तोंडही न बघणारे आधी चढतात आणि सगळ्यात जास्त गहिवरतात. त्यांना अडवू नका, उद्या हेच आठवणींचे लेख लिहिणार आहेत. नाव तेवढं राहू द्या, दादर टी.टी. (म्हणजे ट्राम टर्मिनस) आजही आहे, फक्त तिथे ट्राम नाही आणि टर्मिनसही नाही.

रूळ सगळे उपटायची गरज नाही. वर डांबर ओता. पन्नासेक वर्षांनी फ्लोरा फाउंटनपाशी खोदकाम करताना ते वर येतात, सगळे फोटो काढतात आणि त्यांना वारसा म्हणतात.

आता पोकळी भरा. मोनोरेल करून बघा: २०१४ मध्ये चेंबूर ते वडाळा सुरू, पुढे जेकब सर्कलपर्यंत, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये सेवा स्थगित. नाहीतर सरळ जमिनीखाली जा. ऑक्टोबर २०२५ पासून साडेतेहतीस किलोमीटरची मेट्रो आरेपासून कफ परेडपर्यंत पूर्ण धावते आहे. बोरीबंदर, काळबादेवी सगळं वाटेत. गाडी उत्तम आहे, मी चेष्टा करत नाही. घोड्यांची ट्रामही बोरीबंदरहून काळबादेवीमार्गेच पायधुणीला जायची, फरक एवढाच की तिच्यात बसायला जिने उतरावे लागत नसत.

हात बसलाच आहे, तर आता बस घ्या. स्वतःच्या गाड्या कमी करा, थांब्यावर माणूस पाऊण तास ताटकळू द्या, तो शेअर टॅक्सीत बसला की नोंद करा: ‘प्रवासी घटले.’ मग भाडं वाढवा. मुंबईची बस चालवणाऱ्या बेस्टचं किमान भाडं पाचाचं दहा झालं ते २०२५ च्या ९ मे रोजी, ट्रामच्या वाढदिवशी. मुहूर्त कोणी काढला विचारू नका, पण काढणाऱ्याला इतिहास पाठ असावा.