फीडबॅक लिहायचाच, पण योग्य जागी

"सगळ्यांनाच पाच स्टार असतात, मग आपण लिहून काय होणार?" ऑनलाइन खरेदीनंतर विक्रेत्याला फीडबॅक देण्याचा विषय निघाला की हा प्रश्न हल्ली सारखा कानावर येतो. प्रश्न रास्त आहे, तरीही माझं उत्तर ठाम आहे: लिहा.

फीडबॅकची ही पद्धत रुजवली ईबे या ऑनलाइन लिलाव-विक्रीच्या साइटने, १९९६ साली. दोन माणसं एकमेकांना कधी भेटलेली नाहीत, एकाने पैसे आधी पाठवायचे आणि दुसऱ्याने वस्तू नंतर. मध्ये भरवसा आणायचा तर आधीच्या गिऱ्हाइकाचा शब्द एवढंच हाताशी होतं. त्या शब्दाला किंमत किती, हेही मोजलं गेलंय. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात जुनी पोस्टकार्डं जोड्या लावून ईबेवर विकली. सारख्याच मालातला एक नग चांगलं नाव असलेल्या जुन्या खात्यावरून, दुसरा नव्याकोऱ्या खात्यावरून. जुन्या खात्याला सुमारे ८.१ टक्के जास्त भाव द्यायची लोकांची तयारी दिसली.

मग स्टार निरुपयोगी का वाटू लागले? कारण वाईट अनुभव आलेला माणूस बहुतेक वेळा काहीच लिहीत नाही. नॉस्को आणि टाडेलिस या अर्थशास्त्रज्ञांनी ईबेच्या विक्रेत्यांची आकडेवारी तपासली, तेव्हा चांगल्या शेऱ्यांचं प्रमाण सरासरी ९९.३ टक्के निघालं आणि मध्यक, म्हणजे सगळे विक्रेते क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, थेट १००. अशा आकड्यांवरून कोण बरा, कोण वाईट हे कसं कळणार? मग त्यांनी चांगले शेरे एकूण शेऱ्यांऐवजी एकूण व्यवहारांनी भागले. लगेच फरक दिसू लागला. ज्यांची गिऱ्हाइकं जास्त प्रमाणात गप्प राहिली होती, त्यांच्याकडून वस्तू घेतलेला माणूस पुन्हा त्या साइटवर खरेदीला येण्याची शक्यता कमी होती. पण हा हिशोब साइटच्या आतल्या माणसांनाच करता येतो. बाहेरच्या खरेदीदाराला तुमचं गप्प बसणं दिसत नाही, त्याला फक्त लिहिलेलं दिसतं.

आता लिहायचं कुठे? सगळ्यात जास्त मेहनत इथेच वाया जाते. ॲमेझॉनवर वस्तूचा रिव्ह्यू वेगळा आणि विक्रेत्याचा फीडबॅक वेगळा. पार्सल उशिरा आलं म्हणून वस्तूला एक स्टार दिला, तर तीच वस्तू विकणाऱ्या बाकीच्या विक्रेत्यांनाही त्याचा फटका बसतो आणि उशीर करणारा नामानिराळा राहतो. उलट, विक्रेत्याच्या फीडबॅकमध्ये फक्त "कापड पातळ आहे" एवढंच लिहिलं, तर तो वस्तूचा रिव्ह्यू ठरून काढून टाकला जाऊ शकतो. पॅकिंग, वेळ, चुकीचा नग, उत्तर न देणं हे विक्रेत्याच्या खात्यात. माप, रंग, टिकाऊपणा हे वस्तूच्या खात्यात. मुदतही लक्षात ठेवा: ईबेवर साधारण ६० दिवस, ॲमेझॉनवर विक्रेत्याच्या फीडबॅकला ९०.

काही बिघडलं असेल तर क्रम चुकवू नका. आधी साइटच्या आतूनच विक्रेत्याला मेसेज, फोटोसकट. बाहेर चॅटवर बोललात तर तक्रारीच्या वेळी ते संभाषण साइटसमोर नसतं. उत्तर आलं नाही तर रिटर्न किंवा रिफंडची रीतसर मागणी. फीडबॅक त्यानंतर. एक स्टार दिला म्हणून रिफंडची प्रक्रिया सुरू होत नाही आणि रिटर्नची मुदत मात्र सरत राहते. "पैसे द्या, नाहीतर खराब शेरा देतो" असं तर कधीच लिहू नका. ईबेवर हा सरळ नियमभंग आहे आणि त्याने खऱ्या तक्रारीचंही वजन जातं.

लिहायचं काय, तेही बघू. "एकदम बकवास" किंवा "मस्त, धन्यवाद" यातून पुढच्या माणसाला काहीच मिळत नाही. हे वाचा: "लांबी ४० सेंटिमीटर लिहिली होती, टेपने ३७ भरली. बबल रॅपचा एकच थर होता, खालचा कोपरा चेपलेला आला. मेसेजला दुसऱ्या दिवशी उत्तर, चौथ्या दिवशी रिफंड." तीन वाक्यांत वस्तू, पॅकिंग आणि विक्रेत्याची वागणूक, तिन्ही कळली. कोणता रंग, कोणता साइज हेही घाला, कारण बऱ्याच ठिकाणी सगळ्या प्रकारांचे रिव्ह्यू एकाच पानावर येतात. वस्तूचं नावही लिहा. जुन्या लिस्टिंगवर, म्हणजे वस्तूच्या विक्रीच्या पानावर, भलतीच वस्तू चढवून तिचे स्टार वापरणारे विक्रेते असतात, ती लबाडी जुन्या रिव्ह्यूतल्या नावामुळेच उघडी पडते. फोटोत टेप दिसू द्या, पण पत्त्याचं लेबल, बारकोड आणि फोन नंबर झाका. बॅटरीवर चालणाऱ्या वस्तूला पहिल्याच दिवशी स्टार देण्यात अर्थ नाही, महिनाभर वापरून लिहा.

नव्या विक्रेत्याच्या बाबतीत हात जरा जपून चालवा. चार जणांनी पाच-पाच स्टार दिलेत आणि तुम्ही एक दिलात, तर सरासरी ४.२ वर येते. चारशे जणांनी दिले असतील तर तोच एक स्टार तिला ४.९९ वर ठेवतो. म्हणून छोट्या विक्रेत्याला दिलेला खरा, चांगला शेराही तितकाच मोलाचा आहे, आणि तोच द्यायला आपण विसरतो.

विक्रेत्याने खरेदीदाराला फीडबॅक द्यावा का? ईबेवर पूर्वी विक्रेते वाईट शेऱ्याचा वचपा काढायचे, म्हणून २००८ पासून त्यांना खरेदीदाराला फक्त चांगलाच शेरा देता येतो. तिथे त्याला फारसा अर्थ उरलेला नाही. राहायला घरं भाड्याने देणाऱ्या एअरबीएनबी या साइटने २०१४ मध्ये जास्त शहाणा उपाय काढला: यजमान आणि पाहुणा दोघांनी लिहून होईपर्यंत किंवा १४ दिवसांची मुदत संपेपर्यंत कोणालाच समोरच्याचं दिसत नाही. माणसामाणसांतल्या जुन्या वस्तूंच्या व्यवहारात मात्र "ठरल्या वेळी आले, भाव ऐनवेळी पाडला नाही" एवढं जरूर लिहा.

खोक्यात "पाच स्टार द्या, बक्षीस घ्या" असं कार्ड निघालं तर त्याचा फोटो काढून साइटला कळवा. चांगल्याच रिव्ह्यूच्या अटीवर मोबदला देणं अमेरिकेत ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेल्या नियमाने बेकायदा आहे.

आणि तक्रार मिटल्यावर "आता तो शेरा काढा ना" असा विक्रेत्याचा मेसेज आला, तर शेरा काढू नका. साइट बदल करू देत असेल तर खाली तारीख टाकून एक ओळ वाढवा: "१२ तारखेला नवा नग पाठवला, तो बरोबर निघाला." चूक काय झाली आणि ती कशी निस्तरली, दोन्ही पुढच्या खरेदीदाराला दिसलं पाहिजे.