तुळजापूरचं मंदिर बंद नसतं, देवी झोपलेली असते

कळव्यातल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर कालपासून फिरतंय: 'दसऱ्यानंतर कोजागिरीपर्यंत तुळजाभवानीचं मंदिर बंद, तिकिटं रद्द करा.' दोघांनी केलीही. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी ओटीचा खण, नारळ पिशवीतून परत काढून ठेवले.

मंदिर बंद नसतं हो! तुळजाभवानीची मूर्ती चल आहे, सिंहासनावरून हलवता येते. दसऱ्याला सीमोल्लंघन झालं की देवी पलंगावर निजते, ती श्रमनिद्रा. कोजागिरीला पुन्हा सिंहासनावर बसते. नवरात्राआधी घोरनिद्रा आणि पौषात मोहनिद्रा असते, ती वेगळी. या दिवसांत दर्शन पलंगावरच्या देवीचं होतं. सिंहासनावरची अभिषेक पूजा तेवढी नसते. कुणीतरी 'पूजा बंद'चं 'मंदिर बंद' केलं असणार.

अभिषेकच करायचा असेल तर कोजागिरीनंतर जा. नुसती ओटी भरायची असेल तर सिद्धेश्वर एक्स्प्रेसची ठाण्याहून काढलेली तिकिटं मोडू नका. सोलापूरहून पुढे एसटीनं साधारण ४५ किलोमीटर. कोजागिरीच्या आसपास मात्र तो रस्ता पायी जाणाऱ्या भाविकांनी भरलेला असतो, वेळ हाताशी ठेवा. काकूंना मी सांगितलंय, पिशवी पुन्हा भरा.